फुकटच्या पासाची नोंद

आमच्या घरात कपाची कड उडाली तरी चौकशी बसते. कधी उडाली, त्या वेळी स्वयंपाकघरात कोण होतं, कप आधीपासून तडकलेला होता का, आणि होता तर ते आजवर का सांगितलं नाही. चौकशी करणारी माझी बायको आणि आरोपी दर वेळी मीच, कारण मुलगी लग्न होऊन गेल्यापासून घरात तिसरं माणूस नाही. एकतीस वर्षं मी असे जबाब देत आलोय. माझं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान आहे, बारीक बघायची मलाही सवय आहे. पण मला त्यासाठी डोळ्याला भिंग लावावं लागतं, हिला लागत नाही.

सरकारचं एक गुप्तवार्ता खातं असतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्या खात्यावर नजर ठेवणारं आणखी एक बारकं कार्यालय असतं, याचा फारसा कुणाला पत्ता नसतो. पोस्टाच्या वरच्या मजल्यावर चार खोल्या, अकरा माणसं, दुसऱ्या पायरीवर हमखास कुरकुरणारा लाकडी जिना आणि 'निरीक्षण कार्यालय' अशी पाटी. खात्याने कुणाला काय सांगितलं, कुणाला आत घेतलं, परवानगी कुणी दिली, ती लिहून ठेवली की नाही, हे तिथली माणसं तपासतात. थोडक्यात, चोरून बघणाऱ्यांकडे उघड उघड बघायचं. माझी बायको तिथे वरिष्ठ निरीक्षक.

कामाचं घरी बोलायचं नाही असा नियम, आणि नियम म्हटला की आमच्या बाई तो चार बोटं जास्तच पाळणार. लग्नानंतर सहा वर्षं मला वाटत होतं ही पोस्टातच आहे. तेव्हा मी आज जे सांगतोय ते छापून आलेल्या अहवालातलं आहे आणि उरलेलं माझ्या डोळ्यांदेखत घडलेलं किंवा तिथल्या शिपायाने सांगितलेलं. अहवालात निम्म्या ओळींवर काळी पट्टी मारलेली आहे. त्या पट्टीखाली काय आहे ते मला माहीत नाही आणि हिला विचारायची माझी छाती नाही.

अशा या कडक बाईला एकच व्यसन आहे. सिनेमा. माझे सासरे थिएटरच्या दारात तिकिटं फाडायचे. मध्यंतरानंतर दारावर कोणी विचारत नसे, म्हणून ही लहानपणी शाळा सुटली की मध्यंतरानंतरचा अर्धा सिनेमा बघायची. त्यामुळे त्या काळातल्या पन्नास-साठ सिनेमांचा शेवट हिला तोंडपाठ आहे आणि सुरुवात ठाऊक नाही. प्रत्येक गोष्ट मुळात सुरू कशी झाली हे खोदून काढायची खोड हिला तिथूनच लागली असं माझं मत आहे. ती म्हणते, उगाच काहीतरी बोलू नका.

शनिवारी तीनचा खेळ, आठवी रांग, कडेची खुर्ची, कारण हिला गुडघा सरळ करावा लागतो. दिवे गेले की आमच्या निरीक्षकबाई वाटेल त्यावर विश्वास ठेवतात. मी आपला पडद्यावरची घड्याळं बघत बसतो. सकाळच्या कोर्टात नायकाच्या मनगटावर सव्वासात वाजलेले दिसले की माझ्याने गप्प राहवत नाही. ही मला कोपर मारते आणि म्हणते, "अहो, मला रडू द्या ना जरा."

गेल्या वर्षी खात्याच्या पाकिटातून कार्यालयात दोन पास आले. खात्याचा एक शूर अधिकारी नायक असलेला मोठा सिनेमा तयार झाला होता आणि त्याचा पहिला खेळ निमंत्रितांसाठी होता. खात्यात चित्रपटवाल्यांशी बोलणी करणारा एक वेगळा कक्षच आहे. सिनेमात खातं चांगलं दिसावं म्हणून तो कक्ष लेखकांना सल्ले देतो, नटांना चालायला-बोलायला शिकवतो. त्या कक्षाचे मुख्य अधिकारी अत्तर इतकं लावत की त्यांची फाइलसुद्धा वास घेऊन ओळखू यायची. म्हणून हिच्या कार्यालयात त्यांना सुगंधी साहेब म्हणत. पास त्यांनीच पाठवले होते. हिच्या मोठ्या साहेबांना सिनेमाचं वावडं. ते म्हणाले, "कोणाला हवेत?" आणि माझ्या बायकोने हात वर केला.

तिने मला दुकानात फोन केला. कामाच्या वेळात घरच्या माणसाला फोन करण्याची तिची ती पहिलीच वेळ. मला वाटलं कोणी गेलं की काय.

आता इथे एक सांगायला हवं. कार्यालयात भेटवस्तूंची एक नोंदवही असते. बाहेरून कुणाला काही मिळालं, अगदी पेन मिळालं, तरी आठवड्याच्या आत त्यात लिहायचं. ही वही माझ्या बायकोच्याच ताब्यात. भिंतीवरचं एक कॅलेंडर फुकट घेतलं म्हणून तिने शिपायाला बोलावून दोन ओळी लिहायला लावल्या होत्या, आणि कॅलेंडरवर चित्र कसलं आहे तेही लिहून घेतलं होतं. अशी बाई. पण पास हातात आल्यावर काय घालायचं, चप्पल कोणती, रिक्षाने जायचं की बसने, या गडबडीत तिला ते दोन कागद 'भेटवस्तू' आहेत हे सुचलंच नाही. पेन सुचलं असतं, घड्याळ सुचलं असतं. सिनेमा म्हणजे तिच्या हिशेबी वस्तूच नव्हती.

आम्ही गेलो. पायाखाली गालिचा, टेबलावर पांढरे कपडे, त्यावर सँडविच. प्रत्यक्ष नायक लोकांत फिरत होता. माझ्याजवळ आला तेव्हा माझं लक्ष अर्थातच त्याच्या मनगटाकडे. इतकं महागाचं घड्याळ, आणि बंद! मी तसं म्हटलं. तो खो खो हसला, माझ्या खांद्यावर हात टाकला आणि कुणीतरी फोटो काढला. तो फोटो पुढे मी मोठा करून दुकानात लावला. खोटं कशाला बोलू, त्या फोटोमुळे गिऱ्हाईक वाढलं.

सिनेमा ऐन भरात आला होता. नायक खात्याच्या दप्तरखोलीत एकटाच शिरतो, कपाटामागून कपाट उघडतो, संगीत वाढत जातं, लोक श्वास रोखून बसलेत. कोपऱ्यात एक हिरवी बादली, वरून पाइपातून तिच्यात टप टप पाणी पडतंय. आणि माझी बायको फस्सकन हसली. पुढच्या तीन रांगा वळून बघायला लागल्या. मी तिला चिमटा काढला.

"अगं, काय झालं?"

"काही नाही. कामाचं आहे."

कामाचं म्हटल्यावर माझा प्रश्न तिथेच संपला.

पाचेक महिने गेले. सिनेमा धो धो चालला. त्याचा सेट उभारणाऱ्या कारागिराची एका मासिकात मुलाखत आली. दप्तरखोली इतकी हुबेहूब कशी केलीत, असं विचारल्यावर तो बिचारा अभिमानाने म्हणाला, "खरी खोली चार वेळा जाऊन पाहिली ना!" झालं. सभागृहात प्रश्न आला. गुप्त खात्याच्या दप्तरखोलीत चित्रपटवाले चार वेळा गेलेच कसे? कुणी नेलं? त्यांना काय काय दाखवलं? नोंद कुठे आहे?

खात्याने आधी सांगितलं की पाहुण्यांच्या खोलीपुढे कोणीही आलेलं नाही. मासिक समोर ठेवल्यावर सांगितलं की कदाचित आले असतील, पण कक्षाने कोणाला आणलेलं नाही. गेटच्या वहीत एकही नोंद नाही, म्हणजे गेटवरच्या माणसाने नटाच्या सहीसाठी किंवा कशासाठी, त्यांना परस्पर आत सोडलं असणार. गेटवर एकोणतीस वर्षं एकच गृहस्थ बसत. सगळे त्यांना दादा म्हणत. निवृत्तीला आठ महिने राहिले होते. दादांना घरी बसवलं, आणि चौकशीत दोष सिद्ध झाला तर बडतर्फ करणार असं वर्तमानपत्रात आलं. दादांचं म्हणणं एकच ओळीत छापलं होतं: मी त्या लोकांना पाहिलेलंही नाही.

सभागृहाने चौकशी निरीक्षण कार्यालयाकडे दिली, आणि कार्यालयाने माझ्या बायकोकडे.

त्या दिवशी ती घरी आली ती थेट स्वयंपाकघरात जाऊन खुर्चीवर बसली. पाणी नाही, चहा नाही.

"अहो, ते त्या सिनेमाचे पास आपण कुठे ठेवले?"

"कचऱ्यात गेले असतील. का?"

"चौकशीच्या पहिल्या पानावर सही करायची असते. या लोकांकडून मी किंवा माझ्या घरच्यांनी कधीही काही घेतलेलं नाही, म्हणून."

मला एकदम हायसं वाटलं. म्हटलं, "मग कर की सही. पासांचा लगदा होऊन महिने झाले. पाहिलंय कोणी?"

"अडीचशे लोकांनी. शिवाय तुमच्या दुकानात फोटो टांगलाय."

"फोटोत मी आहे."

"आणि तुमच्या खांद्यामागे?"

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्या उघडल्या मी भिंग लावून फोटो पाहिला. नायकाच्या कोपराखाली, हातात बशी, तोंड अर्धवट उघडं, डोळे नायकावर खिळलेले, आमच्या निरीक्षकबाई! पाच महिने मी तो फोटो रोज पुसत होतो आणि मला बायको दिसली नव्हती. काखेत कळसा म्हणतात तो हा.

घरी येऊन म्हटलं, "फोटो उतरवतो."

"हात लावू नका. पुरावा आहे."

तिथून आमचं भांडण सुरू झालं. आमच्यात भांडण म्हणजे मी बोलतो आणि ती ऐकून घेते, आणि शेवटी तिचंच होतं. पण या वेळी मी जोरात होतो, कारण माझं म्हणणं खरं होतं. पास घेतल्याचं तिने कबूल केलं की तिला चौकशीतून बाजूला व्हावं लागणार. मग काम जाणार धाकट्या बाईंकडे. धाकट्या बाई म्हणजे हिच्याच हाताखाली शिकलेली निरीक्षक, जेमतेम दोन वर्षांची नोकरी, हसरी, कुणाला नाही म्हणायची सवय नसलेली.

"सुगंधी साहेबांनी समोर बसवून गोड गोड बोललं की ती पोरगी सही करून मोकळी होईल," मी म्हटलं. "चोर सोडून संन्याशाला फाशी. तो गेटवरचा माणूस गेला कामातून. तुझी वही स्वच्छ राहावी म्हणून त्याचा बळी द्यायचा?"

 तो शुक्रवार. शनिवारी तीनच्या खेळाला ती गेली नाही. बाळंतपणाचे दोन महिने सोडले तर असं कधी झालेलं मला आठवत नाही. गॅलरीत उभी राहून समोरच्या घराकडे बघत होती. मी दोनदा चहा नेऊन दिला, दोन्ही वेळा तो तसाच निवला. तिची ती पाठ बघून माझा राग कुठल्या कुठे गेला. एका पासापायी माणसाने इतकं वाळावं?

संध्याकाळी आत येऊन ती म्हणाली, "वर्तमानपत्रात आलंय तेवढंच बोलते. दादांवर आरोप काय आहे? नोंद केली नाही. साहेबांवर संशय कसला आहे? नोंद केली नाही. आणि चौकशी करणारी कोण? जिने नोंद केली नाही."

"अगं, पण कळणार कुणाला?"

"ज्यांनी पास पाठवले त्यांना. पाठवणाऱ्याकडे यादी असते. मी सही करायची, सहा महिने राबून अहवाल लिहायचा, आणि शेवटच्या दिवशी सुगंधी साहेबांनी खिशातून यादी काढायची. माझा अहवाल केरात. मग दादांना कोण वाचवणार, तुम्ही?"

 झाकली मूठ सव्वा लाखाची खरी, पण मूठ कुणाच्या तरी दुसऱ्याच्याच हातात होती.

"आणि समजा नसेल यादी," ती म्हणाली, "तरी मला ती सही नाही हो करता येणार."

सोमवारी तिने भेटवस्तूंची वही उघडली. कॅलेंडरवाला शिपाई शेजारी उभा होता. त्याने हळूच सांगितलं, "बाई, त्या महिन्यातल्या तीन तारखेच्या खाली एक ओळ मोकळी राहिलीय." म्हणजे तिथे लिहून टाका, कोणाला कळतंय. त्याचा हेतू वाईट नव्हता, त्याचं तिच्यावर प्रेमच आहे. ती म्हणाली, "मोकळीच राहू दे." आणि शेवटच्या पानावर, त्या दिवसाची तारीख घालून तिने लिहिलं: सिनेमाचे दोन पास, पती व मी, नोंद करण्यास विसरले, उशीर एकशे बावन्न दिवस. मग मोठ्या साहेबांच्या खोलीत जाऊन चौकशीची फाइल परत केली. मोठे साहेब तीन महिन्यांनी निवृत्त होणार होते आणि त्यांची खुर्ची हिला मिळणार हे ठरल्यात जमा होतं. त्या फाइलबरोबर ती खुर्चीही गेली. हे मला तिने सांगितलं नाही, शिपायाने सांगितलं.

फाइल धाकट्या बाईंकडे गेली. त्याच दिवशी माझ्या बायकोने त्यांच्याकडे एक अर्ज दिला: मला साक्षीदार म्हणून बोलवावं. या कार्यालयाचा नियम असा की साक्षीदाराचा जबाब निरीक्षकाला आवडो न आवडो, तो अहवालाला जोडावाच लागतो, त्यातला शब्द गाळता येत नाही. हा नियम पूर्वी नव्हता. तो हिनेच भांडून करून घेतलेला.

साक्षीला मलाही बोलावणं आलं. त्याआधी हिने रीतसर पावती देऊन दुकानातला फोटो नेला. 'फोटो एक, चौकटीसह, काचेला डाव्या कोपऱ्यात तडा.' स्वतःच्या नवऱ्याला!

मी कुरकुरत्या जिन्याने वर गेलो. धाकट्या बाईंसमोर टोक केलेल्या चार पेन्सिली ओळीने मांडलेल्या. हसऱ्या म्हणून ऐकलं होतं, पण हसू औषधालाही नव्हतं.

"त्या दिवशी आपण काय खाल्लंत?"

"सँडविच."

"किती?"

"तीन." मग वाटलं, सांगूनच टाकावं. "साडेतीन. हिने तिच्यातलं अर्धं मला दिलं."

त्यांनी तेही लिहिलं. अहवालात ते आहे: साक्षीदार क्रमांक सात, पती, साडेतीन. मी म्हटलं, "बाई, उंदराला मांजर साक्ष म्हणतील लोक, बायकोच्या बाजूने नवरा बोलतोय म्हणून." त्या म्हणाल्या, "आपण अजून त्यांच्या बाजूने काही बोललेला नाहीत." आणि खरंच की, मी नुसतं काय खाल्लं तेवढंच सांगितलं होतं.

मग मी बाहेर बाकावर बसलो आणि ही आत गेली. दाराला अर्धी काच. टेबल तिचंच, तेवीस वर्षं वापरलेलं. पण आज ती टेबलाच्या अलीकडच्या खुर्चीवर बसली होती, जिथे ती इतरांना बसवत आली. पाठ ताठ, पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर. आमच्या शाळेत नापास मुलांच्या आया अशा बसायच्या.  आत जाऊन तिला हाताला धरून घरी न्यावं असं वाटलं.

आत ती काय बोलली ते मी अहवालातच वाचलं, तिच्याच शब्दांत. सिनेमातल्या दप्तरखोलीत हिरवी बादली आहे. खऱ्या दप्तरखोलीतही अशी बादली होती, पण कायम नव्हती. वरचा पाइप गळत होता तेवढे दिवसच होती. त्याच आठवड्यात मी दुसऱ्या तपासणीसाठी त्या खोलीत गेले होते आणि त्या बादलीला ठेचाळले होते. बादली कधीपासून कधीपर्यंत होती हे काढलं, तर कारागीर कधी आला ते कळेल. इतकंच. शेवटी तिने एक ओळ जोडली होती: मला हा सिनेमा आवडला होता, हे माझं म्हणणं वाचताना ध्यानात घ्यावं.

आता सगळं धाकट्या बाईंच्या हातात होतं. जबाब जोडावा लागतो, पण बादलीमागे धावायची सक्ती कुणावर नाही. सुगंधी साहेबांनी त्यांना बोलावलं होतं, चहा पाजला होता, बादलीवर खूप हसले होते. माझी बायको घरी शांत होती, पण दोनदा तिने डाळीत मीठ घातलं नाही आणि आम्ही दोघांनीही ती तशीच खाल्ली.

धाकट्या बाई चहा पिऊन उठल्या त्या थेट खात्याच्या तळमजल्यावर, संडासाशेजारी, जिथे नळदुरुस्तीची तक्रारवही खिळ्याला सुतळीने टांगलेली असते. खात्याची अमुक वही गुप्त, तमुक वही अतिगुप्त. पण ही वही लपवायचं कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिच्यात स्वच्छ लिहिलं होतं: दप्तरखोली, पाइप गळतो, बादली ठेवली. आणि बरोबर अकरा दिवसांनी: पाइप बदलला, बादली परत आणली.

मग कारागिराला बोलावलं. त्याने आपली चित्रांची वही आणली. चार भेटींची चार चित्रं, चारही चित्रांत बादली. "पण बादली सेटवर ठेवलीत कशाला?" असं विचारल्यावर तो म्हणाला, "मला वाटलं गुप्त कामाला लागत असेल. विचारायचं धाडस झालं नाही."

म्हणजे चारही भेटी त्या अकरा दिवसांतल्या. आणि त्या अकरा दिवसांत दादा गेटवर नव्हतेच. हर्नियाच्या ऑपरेशनसाठी ते सरकारी इस्पितळात होते. बादली ठेवली त्याच्या चार दिवस आधी दाखल झाले होते, आणि ती परत गेल्यावरही दोन आठवडे रजेवर होते. त्यांच्या जागी गेटवर बसायला माणूस दिला होता सुगंधी साहेबांच्या कक्षाने. इस्पितळाचा कागद दादांनी आधीच दाखवला होता, पण भेटी कधी झाल्या हेच कोणी सांगत नव्हतं, त्यामुळे त्या कागदाला किंमत नव्हती.

दादा कामावर परत आले. सुगंधी साहेबांची बदली झाली. कुठे, ते काळ्या पट्टीखाली आहे. यापुढे चित्रपटवाल्यांशी झालेली प्रत्येक भेट लिहायची, आणि ती वही दर तीन महिन्यांनी निरीक्षण कार्यालयाने बघायची, असं ठरलं. धाकट्या बाई आमच्या घरी आल्या आणि हिच्या गळ्यात पडून रडल्या. "तुम्ही मला बादलीचं आधीच खासगीत का नाही सांगितलंत?" त्यांनी विचारलं. ही म्हणाली, "मग तू ते माझ्या कानात सांगण्यावरून शोधलं असतंस, जबाबावरून नाही."

गोष्ट इथे गोड संपायला हरकत नव्हती. पण अहवाल छापून आला.

अहवालाच्या शेवटी एक यादी आहे: खात्याकडून फुकट पास घेणारे सरकारी लोक. एकूण चौतीस. ज्यांना आपलं नाव झाकून हवं असेल त्यांनी एक अर्ज भरायचा होता. तेहतीस जणांनी भरला. सचिवांनी भरला, न्यायाधीशांनी भरला, सँडविच पुरवणाऱ्याचा यादीशी काही संबंध नव्हता तरी त्यानेही भरला म्हणतात. पानभर काळ्या पट्ट्या, आणि मधोमध एकच उघडं नाव. माझ्या बायकोचं. तिचं नाव, माझं नाव, आडनाव, हुद्दा, सगळं ठसठशीत. वर्तमानपत्रांना आणखी काय हवं? त्यांनी तेवढंच पान छापलं.

मी इतका कधीच चिडलो नव्हतो. "सगळे कसे नामानिराळे राहिले बघ! आणि तू? तुला कोणी सांगितलं होतं उघडं राहायला?" दुकानात लोक यायचे, सेल बदलून घेता घेता म्हणायचे, "बाईंचं नाव वाचलं बरं का." एक जण तर तोंडावर म्हणाला, "आपण हसे लोकाला, शेंबूड आपल्या नाकाला." मी त्याचं घड्याळ तसंच परत केलं. तीन दिवस मी घरात हूं-चूं यापलीकडे बोललो नाही.

चौथ्या दिवशी ती आपण होऊन म्हणाली, "मला लाज वाटत नाही असं समजू नका. फार वाटते. पण अख्खी यादी काळी असती तर लोकांना वाटलं असतं, यात कोणी नाहीच. यादी आहे म्हटल्यावर एक तरी माणूस दिसायला हवा ना?"

मी म्हटलं, "तो एक तूच कशाला?"

"दुसऱ्याचं नाव मी कसं उघडं करणार?"

मी पेपर घडी करून बाजूला ठेवला, पण माझं समाधान झालं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात एक गृहस्थ दुकानात आले. उंच, किंचित वाकलेले, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. हातात घड्याळ नव्हतं. गल्ल्यापाशी उभे राहून म्हणाले, "मी गेटवरचा."

मी त्यांना पूर्वी कधी पाहिलेलं नव्हतं. म्हटलं, "या ना दादा."

"बसत नाही. सांगायचं होतं एवढंच. त्या अहवालात माझंही नाव काळं केलंय. आमच्या कामात तसंच असतं, माझी तक्रार नाही. पण माझ्यावर आळ आला तेव्हा पेपरात 'गेटवरचा माणूस' आलं, आणि आमच्या नातेवाइकांत सगळ्यांना ठाऊक होतं गेटवर कोण बसतं ते. जावयाच्या घरीसुद्धा बोललं गेलं. आता सुटलो, तर ते दाखवू कसं? कागदावर मी कुठे नाहीच." त्यांनी खिशातली पेनं सारखी केली. "मग मी ते यादीचं पान घेऊन मुलीच्या सासरी गेलो. सगळ्यांसमोर तुमच्या बाईंच्या नावावर बोट ठेवलं. म्हटलं, इतक्या मोठ्या बाई, फक्त हे एक नाव उघडं ठेवून बसल्यात. का, ते विचारा मला. आणि मग सगळं सांगितलं. त्या नावामुळे माझं ऐकून घेतलं हो त्यांनी. मुलगी रडायला लागली. ते पान तिने ठेवून घेतलंय."

मी हातातला चिमटा खाली ठेवला आणि म्हटलं, "बसा." या वेळी ते बसले.

सहाला ही कार्यालयातून परस्पर दुकानात आली. दादांना बघून पायरीवरच थांबली. ते धडपडत उठायला लागले, तर म्हणाली, "उठू नका दादा, गुडघे तुमचेही तसेच आहेत." मी माझी खुर्ची तिला दिली आणि तिथेच, परक्या माणसासमोर, तिला म्हटलं, "मी चुकलो. तुझं नाव उघडं आहे तेच बरं आहे. मला तुझा फार अभिमान वाटतो."

ती लाजून इकडेतिकडे बघायला लागली. "अहो, हळू बोला ना. रस्त्यावर ऐकू जातंय."

"जाऊ दे ऐकू," मी म्हटलं.